कफीचे दहा एकर : कादंबरीआधी जमिनीचे कागद

‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हे, मुक्त गुलामांना दिलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वचनाचे, शब्द गुलामीनंतरच्या अमेरिकेवर लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी असतात, आणि कथा पहिल्यांदा घसरते तीही त्यांच्यावरूनच. आराखडा साधारण असा होतो: अमेरिकेचं यादवी युद्ध संपलं, सरकारने मुक्त गुलामांना जमीन वाटली, कुटुंब राबलं, मग कुणी दुष्ट माणसाने ती बळकावली. यातलं दुसरं विधान खोटं आहे आणि चौथं फार सोपं.

उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांचा विशेष आदेश क्रमांक १५ निघाला १६ जानेवारी १८६५ ला. त्याच्या चार दिवस आधी सव्हाना शहरात वीस कृष्णवर्णीय धर्मगुरूंशी बैठक झाली होती. त्यांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझर बोलले. जमीन हवी, ती आमच्या कष्टाने कसू आणि ऐपत आली की विकत घेऊन स्वतःची करू, असं त्यांचं म्हणणं होतं. फुकट कुणी मागितलीच नव्हती. आदेशाने चार्ल्सटनपासून दक्षिणेकडची बेटं आणि समुद्रापासून आत ३० मैलांपर्यंतची नदीकाठची ओस पडलेली भातशेती राखून ठेवली. कुटुंबाला जास्तीत जास्त ४० एकर कसण्याजोगी जमीन ठरली. खेचराचा त्यात उल्लेख नाही. मिळाला तो ताबा, मालकी नव्हे. जूनपर्यंत सुमारे ४०,००० माणसं तिथे बसली आणि त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी माफी दिलेल्या जुन्या मळेवाल्यांना जमिनी परत मिळायला लागल्या. ऑक्टोबरात जनरल हॉवर्ड, मुक्त गुलामांसाठी सरकारने उघडलेल्या फ्रीडमन्स ब्यूरोचे प्रमुख, एडिस्टो बेटावर गेले ते हीच बातमी सांगायला.

तेव्हा ज्या कुटुंबाची जमीन नातवंडांपर्यंत टिकली, त्याने ती बहुतेक वेळा पैसे मोजून घेतलेली असते. कादंबरीकाराने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हाच: कोणत्या कागदाने घेतली? पुढचं सगळं कथानक त्या उत्तरातून निघतं. मराठीत अशी एक कादंबरी उभी करताना आम्ही जी पद्धत बसवली ती इथे मांडतो. आमच्यातला एक लिहिणारा, दुसरी जुने दस्त वाचणारी. कुटुंब काल्पनिक, पण त्याची फाइल अशी हवी की तिथल्या एखाद्या वकिलापुढे ठेवली तर त्याने पानं उलटत ‘हो, असंच असतं’ म्हणावं. आधी फाइल, मग प्रकरणं.

जागा निवडली दक्षिण कॅरोलायनातल्या ब्यूफर्ट काउंटीतलं सेंट हेलेना बेट. कारण सरळ आहे: इथल्या मालकीचा उगम वेगळा आणि पक्का. ७ नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी घेतली, मळेवाले पळाले, आणि गुलाम होते ते जमिनीवरच राहिले. जून १८६२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बंडखोर भागांतून थेट कर वसूल करण्याचा कायदा केला. पळालेल्यांनी कर भरला नाही, जमिनी जप्त झाल्या, मार्च १८६३ मध्ये लिलाव झाला. बराचसा भाग सरकारनेच घेतला. बोस्टनच्या गुंतवणूकदारांसाठी एडवर्ड फिलब्रिक यांनी अकरा मळे एकरी साधारण एका डॉलरने उचलले. काही ठिकाणी गुलामीतून सुटलेल्यांनीच वर्गणी काढून मळा घेतला.

पुढचा गोंधळ कथेसाठी सोन्यासारखा आहे. ३१ डिसेंबर १८६३ ला लिंकन यांनी इथे राहणाऱ्यांना २० किंवा ४० एकरांवर आगाऊ हक्क सांगण्याची मुभा दिली, भाव एकरी सव्वा डॉलर. लोकांनी खुणा रोवल्या, पैसे भरले. फेब्रुवारीत ही मुभा मागे घेतली गेली. उरलं ते कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांसाठी राखलेलं क्षेत्र, एकरी दीड डॉलरने. म्हणजे आमच्या कथेतला मूळ पुरुष, त्याला कफी म्हणू, आधी सव्वा डॉलरने २० एकरांची खूण रोवतो, ती रद्द होते, आणि १८६५ मध्ये त्याच्या हाती १० एकरांचा दाखला येतो, १५ डॉलरला. त्यावर सही थेट-कर आयुक्तांची, त्यांत ब्रिस्बेन आणि वर्डिंग. दोघेही खरे. विल्यम हेन्री ब्रिस्बेन स्वतः याच भागातले जुने गुलाममालक, पुढे गुलामीविरोधक झालेले. अशा माणसाची सही कफीच्या दाखल्यावर असणं हे कुठल्याही लेखकाला रचून सुचलं नसतं.

हा दाखला शर्मनच्या ताब्यापेक्षा टिकाऊ का, हेही पात्रांना कळलं पाहिजे. शर्मनच्या जमिनी युद्धाच्या गरजेपोटी ताब्यात घेतलेल्या होत्या, त्या माफीनंतर परत करता येत होत्या. इथल्या जमिनी कर थकवल्याने कायद्याने जप्त होऊन विकल्या गेल्या होत्या. रॉबर्ट स्मॉल्स यांचं नाव इथे येतं. १३ मे १८६२ ला, स्वतः गुलाम असताना, चार्ल्सटन बंदरातून ‘प्लांटर’ ही बोट पळवून आणणारे तेच. त्यांनी ब्यूफर्टमधलं आपल्या जुन्या मालकाचं घर कर-लिलावात घेतलं. जुन्या बाजूने दावा लावला. डीट्रेव्हिल विरुद्ध स्मॉल्स या खटल्यात १८७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर-लिलावाची मालकी उचलून धरली. त्यामुळे कफीच्या घरात १८६५ ते १८७८ एक धाकधूक राहू द्यायची आणि १८७८ नंतर ती संपवायची. आणखी वीस वर्षं ‘जुना मालक परत येईल’ ही भीती ताणली तर जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

हे गणित फक्त या बेटांपुरतं. कथा राज्याच्या आतल्या भागात न्यायची असेल तर १८६९ चं लँड कमिशन घ्या. राज्याने मोठे मळे विकत घेऊन, तुकडे पाडून हप्त्याने विकले. प्रॉमिस्ड लँड ही वस्ती त्यातूनच उभी राहिली. अलाबामा, अर्कान्सा, फ्लोरिडा, लुइझियाना, मिसिसिपी यांपैकी राज्य निवडलंत तर १८६६ चा सदर्न होमस्टेड कायदा लागू होतो, तो १८७६ ला रद्द झाला. जॉर्जियाला तो नव्हताच.

पंधरा डॉलर आले कुठून? हा भाग घाईने उरकू नये. सैन्याचा पगार हे सर्वांत सोयीचं उत्तर. फर्स्ट साउथ कॅरोलायना व्हॉलंटिअर्स, पुढची ३३ वी कृष्णवर्णीय पलटण, इथेच उभी राहिली. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. जून १८६४ मध्ये काँग्रेसने बरोबरीचा पगार मान्य केला. शिल्लक ठेवायला ब्यूफर्टला फ्रीडमन्स बँकेची शाखा होती. ही बँक १८६५ ला निघाली आणि १८७४ ला बुडाली. ६० हजारांहून जास्त खातेदारांचे पैसे अडकले. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली ती १८७३ साली, म्हणजे ही बँक शेवटचे श्वास घेत असताना. पुण्यातून दिसणारी अमेरिका आणि ब्यूफर्टच्या खिडकीपाशी पासबुक घेऊन उभा असलेला माणूस, यांच्यातलं अंतर मराठी कादंबरीत एखाद्या परिच्छेदाने तरी जाणवायला हवं. एवढाच मराठी धागा आम्ही ठेवला. बाकी ओढूनताणून आणला नाही.

आता नावं. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव नसतं. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. १८७० ची जनगणना ही पहिली, जिच्यात सुटलेली माणसं नावानिशी दिसतात. तिच्यात स्थावर मालमत्तेची किंमत आठव्या रकान्यात आणि जंगम नवव्यात. कफीच्या ओळीत आठवा रकाना भरलेला हवा. पण याच जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं नाही. एका घरातली बाई बायको की बहीण हे तिथे कळत नाही, ते १८८० ला कळतं. १८८० ला शेतीची वेगळी यादीही आहे: किती एकर नांगराखाली, किती झाडीत, कुंपणावर खर्च किती, मजुरी किती दिली, आणि कसणारा मालक, रोख खंडाने घेणारा की वाट्याने. १८९० ची जनगणना वॉशिंग्टनच्या १९२१ च्या आगीने गिळली. म्हणजे १८८० ते १९०० या वीस वर्षांत जनगणनेत कुटुंब दिसतच नाही. आम्ही कफीला मुद्दाम १८९१ मध्ये मारलं. २७ ऑगस्ट १८९३ च्या वादळात घर वाहून जातं, पेटीतला दाखलाही जातो. या वादळात या बेटांवर सुमारे दोन हजार माणसं गेली आणि मदतीला क्लारा बार्टन रेड क्रॉस घेऊन आल्या. कथेला हवा तो अंधार इतिहासानेच करून ठेवलाय.

नावांची दुसरी अडचण जास्त छळते. इथल्या गल्ला-गीची, म्हणजे या बेटांवरच्या गुलामांच्या वंशजांच्या, समाजात माणसाला घरचं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं. कफी हे शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं पश्चिम आफ्रिकी वळणाचं नाव. जनगणनेत तो ‘जॉन’ असेल, बँकेच्या नोंदीत तिसरंच आडनाव सांगेल, पलटणीच्या हजेरीत आडनावाचं स्पेलिंग आणखी निराळं. फाइलमध्ये प्रत्येक माणसासाठी एक कार्ड ठेवावं आणि त्यावर त्याची सगळी नावं सालासह लिहावीत. हे केलं नाही की तिसऱ्या प्रकरणातला काका सातव्यात दोन माणसं होऊन बसतो. ऑनलाइन शोधताना आणखी एक खड्डा: ब्यूफर्ट नावाची काउंटी उत्तर कॅरोलायनातही आहे, आणि निकालांत दोन्ही सरमिसळ येतात.

सर्वांत भरघोस कागद मात्र पेन्शनच्या फाइलमध्ये मिळतो. शिपाई मेला की विधवा अर्ज करते, आणि लग्न सिद्ध करायचं तिच्यावर येतं. गुलामीतल्या लग्नाला दाखला कुठला? मग तपासनीस बेटावर येऊन जबान्या घेतो: लग्न कुणी लावलं, कुठल्या मळ्यावर, कोण हजर होतं, मुलं कोणत्या पिकाच्या वेळी झाली. शेजारीपाजारी, सुईण, जुने सोबती सांगतात. संवाद कसे लिहायचे हे शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही. त्यात एक कायदेशीर गाठही आहे. डिसेंबर १८६५ च्या राज्याच्या कायद्याने, मुक्त कृष्णवर्णीयांवर बंधनं घालणाऱ्या आणि एरवी अत्यंत जाचक असलेल्या ब्लॅक कोडने, नवराबायको म्हणून राहणाऱ्यांची लग्नं मान्य केली आणि ज्याला एकाहून जास्त बायका मानल्या जात त्याने पुढच्या १ एप्रिलपर्यंत एक निवडावी असं फर्मावलं. आधीची मुलं बापाने आपली म्हटली असतील तर औरस धरली. कफीची पहिली बायको युद्धाआधी जॉर्जियात विकली गेली, तिच्याबरोबर मुलगाही, असं धरा. बाईला कायदा पुसून टाकतो, मुलाला नाही. हे लक्षात ठेवा, वाटणीत लागेल.

दस्ताकडे येऊ. १८६५ चा दाखला आयुक्तांचा, छापील नमुन्यातला. पण १८७१ मध्ये कफी शेजाऱ्याकडून पाच एकर आणखी घेतो, आणि तो खासगी दस्त आहे. त्यात काय काय हवं? घेणारा-देणारा, रक्कम, चतुःसीमा: उत्तरेला अमक्याची जमीन, पूर्वेला दलदल, बाकी दोन बाजूंना शेजारी. ही शेजाऱ्यांची नावं नीट बेतली की गाव आपोआप उभं राहतं. दोन साक्षीदार, आणि त्यांच्यापैकी एकाने ‘मी सही होताना पाहिली’ असं शपथेवर सांगितलेलं कलम. १ ऑक्टोबर १८७२ पर्यंतच्या दस्तावर केंद्राचा महसुली स्टँप लागे, ५०० डॉलरपर्यंतच्या खरेदीला ५० सेंटचा. शिवाय विकणाऱ्याच्या बायकोने नवऱ्याच्या गैरहजेरीत अधिकाऱ्यापुढे, धाकदपटशा नाही असं सांगून, आपला विधवाहक्क सोडल्याचं वेगळं कलम. हे कलम नसलं तर नवरा मेल्यावर ती बाई आपला हक्क मागू शकते. आम्ही ते कलम काढून टाकलं, आणि १८८० च्या दशकातलं अख्खं भांडण त्या एका कोऱ्या जागेतून मिळालं.

सहीचं बारकाईने बघा. लिहिता न येणाऱ्याचं नाव कारकून लिहितो, आणि नाव व आडनावाच्या मधे फुली. फुलीच्या वर ‘त्याची’, खाली ‘खूण’, दोन्ही इंग्रजीत, बारीक अक्षरात. ही फुली पाहून गहिवरणारी पणती हे अशा कथांतलं ठरलेलं दृश्य. पण काउंटीच्या नोंदवहीत दस्ताची नक्कल असते. मूळ कागद घरी परत जातो. वहीतलं सगळं, अगदी फुलीसुद्धा, नोंदणी करणाऱ्या कारकुनाच्या हातची. कफीने लिहून दिलेल्या दस्तावरची त्याच्या हातची फुली फक्त मूळ कागदावर होती, आणि तो कागद उरलेला नाही. पणतीला वहीत फुली दिसते ती कुणा अनोळखी कारकुनाने काढलेली. हे ठाऊक झाल्यावर आम्ही ते प्रकरण पुन्हा लिहिलं आणि ते सुधारलं.

नोंदवह्यांतला शोध कसा चालतो हेही पात्राला येऊ द्या. दोन सूच्या असतात: विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. कुटुंबाने जमीन विकली का हे बघायला खरेदीच्या तारखेपासून पुढे विकणाऱ्यांची सूची, आणि जमीन आली कुठून हे बघायला उलट्या दिशेने घेणाऱ्यांची. जुन्या सूच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरापुरत्याच लावलेल्या असतात, पुढे तारखेच्या क्रमाने. म्हणून पूर्ण अक्षर वाचावं लागतं. ‘आणि इतर’ असं लिहिलेल्या नोंदींमागे तीन-चार भावंडं लपलेली असतात. बरेच दस्त सही झाल्यावर पुष्कळ वर्षांनी नोंदवले जात, कधीकधी कधीच नाही. १८७१ चा दस्त १८७१ च्या वहीत नाही म्हणून तो नव्हताच असं धरू नये. युद्धाआधीचे ब्यूफर्टचे दस्त मात्र जवळपास नष्ट झालेत. त्यामागे जाण्यात वेळ घालवू नका.

जमीन प्रत्यक्ष केवढी? दहा एकरांचा चौकोनी तुकडा म्हणजे दहा साखळ्या बाय दहा साखळ्या, प्रत्येक बाजू ६६० फूट. पण कफी एकरात मोजत नाही, टास्कमध्ये मोजतो. गुलामीत एका माणसाला नेमून दिलेल्या कामाचं हे माप, पाव एकर, साधारण १०५ फूट बाजूचा चौकोन. बेटावरचे लोक सुटकेनंतरही जमीन त्यातच मोजत राहिले. कफीचे दहा एकर म्हणजे ४० टास्क. पाव एकर म्हणजे आपले १० गुंठे, तेव्हा मराठी वाचकाला हे माप समजावून सांगावं लागत नाही. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे गंटरच्या ६६ फुटी साखळीच्या निम्म्याचा चौरस. ती साखळी इंग्रजांनी दोन्हीकडे नेली.

या ४० टास्कमध्ये कापूस १२, मका १२, रताळी ६, थोडी भुईमूग-चवळी, बाकी घर, परसबाग आणि झाडी अशी वाटणी आम्ही धरली. सी आयलंड कापूस लांब धाग्याचा, एकरी सव्वाशे ते दीडशे पौंड रुई म्हणजे चांगलं पीक. १२ टास्क म्हणजे ३ एकर, त्यातून चारशे पौंडांच्या आसपास. हा कापूस दातेरी व्हिटनी जिनवर घालत नाहीत, धागा तुटतो. रुळांच्या जिनवर सरकी काढतात. खत म्हणून खाडीचा चिखल आणि शिंपले. ओढायला मार्श टॅकी जातीचं लहानखुरं घोडं. खेचर हवंच असेल तर कर्जाने घ्या. पिकावर उचल देणारा दुकानदार या कथेत येतोच. पण एक पथ्य पाळा: तारण पिकाचं की जमिनीचं हे प्रत्येक वेळी स्पष्ट करा. पीक गेलं तर वर्ष जातं. जमीन गेली तर कादंबरी संपते.

आता तो भाग, ज्याच्यासाठी ही सगळी फाइल. कफी १८९१ मध्ये मृत्युपत्र न करता मरतो. का करत नाही? वकिलावर आणि कचेरीवर भरवसा नाही, आणि जमीन ‘सगळ्यांची’ राहील ही भावना. दक्षिण कॅरोलायनाच्या जुन्या नियमाने बायकोला एक तृतीयांश, मुलांना मिळून दोन तृतीयांश. सोय म्हणून फक्त मूळचे दहा एकर धरू. चार मुलं, प्रत्येकी १/६. बायको १८९९ मध्ये गेली, तीही मृत्युपत्राशिवाय. तिचा १/३ चौघांत, प्रत्येकी १/१२. १/६ आणि १/१२ मिळून प्रत्येकाचा १/४. इथवर सगळ्यांना तोंडी येतं.

थोरली मुलगी १९१८ ला मरते. मागे नवरा आणि पाच मुलं. नवऱ्याला तिच्या १/४ चा तिसरा भाग, १/१२. मुलांना उरलेला १/६, प्रत्येकी १/३०. नवरा दुसरं लग्न करतो, त्याला दोन मुलं होतात, आणि तो १९३१ मध्ये मरतो. त्याच्या १/१२ पैकी दुसऱ्या बायकोला १/३६. उरलेला १/१८ सातही मुलांत, प्रत्येकी १/१२६. आता मोजा. कफीशी रक्ताचं नातं नसलेल्या तिघांकडे, म्हणजे दुसरी बायको आणि तिची दोन मुलं, मिळून ११/२५२ हिस्सा आहे. दहा एकरांत जवळपास साडेसतरा गुंठे. पण तो जमिनीत कुठेही दाखवता येत नाही, कारण तो अविभक्त आहे. प्रत्येकाचा हिस्सा प्रत्येक इंचात. आणि या तिघांपैकी कुणीही, किंवा त्यांच्याकडून हिस्सा घेणारा परका, अख्ख्या जमिनीच्या वाटपाचा दावा लावू शकतो.

प्रत्येक मृत्यूनंतर बेरीज १ येते का हे तपासा. पहिली पाच मुलं आता प्रत्येकी १३/३१५, पाचांचे १३/६३. त्यात ११/२५२ मिळवा, येतात १/४. बेरीज चुकली तर बहुतेक वेळा कुणाचा तरी जोडीदार विसरलेला असतो. आणि जॉर्जियात विकला गेलेला तो पहिला मुलगा? हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती तेव्हाच्या कृष्णवर्णीय चर्चच्या पत्रांत वर्षानुवर्षं छापून येत. तो अशा एखाद्या जाहिरातीमागोमाग आला तर कफीची मुलं पाच होतात, दोन तृतीयांशाचे पाच भाग, प्रत्येकी २/१५. सावत्र आईचा हिस्सा त्याला नाही. म्हणून बाकी चौघं प्रत्येकी १३/६०, तो ८/६०. वरचे सगळे आकडे पुन्हा मांडावे लागतात. कादंबरीत ही मांडणी छापायची नाही. पात्रांना ती ठाऊकच नसते, आणि कथानक चालतं ते त्या न ठाऊक असण्यावर.

कुटुंबातली सर्वांत पक्की गैरसमजूत कराच्या पावतीची. धाकट्या मुलाची नात बेटावर राहते, दरवर्षी कर भरते. पावती ‘कफीचे वारस’ या नावाने येते. तिला वाटतं, कर मी भरते म्हणजे जमीन माझी. नसते. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं समजणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत का? पण एक फरक कथेत दिसू द्या. आपल्याकडे तलाठ्याकडे अर्ज देऊन वारसनोंद होते, निदान नावं तरी चढतात. तिथे कुणीतरी प्रोबेट न्यायालयात वारसा उघडल्याशिवाय काहीच हलत नाही, आणि मृत्यूला दहा वर्षं उलटली की ती साधी वाटही बंद होऊन वारस ठरवण्यासाठी वेगळा दावा करावा लागतो. तोवर घर बांधायला कर्ज नाही, वादळानंतर मदत मिळवताना मालकीचा कागद नाही.

जमीन जाण्याच्या दोन वाटा असतात, आणि लेखक त्या सारख्या मिसळतात. एक, कर थकल्याचा लिलाव. यात नंतर बारा महिन्यांत कर, दंड आणि व्याज भरून जमीन सोडवता येते. दुसरी, वाटपाचा दावा. इथे कर भरलेला असूनही जमीन जाते. बाहेरचा एक जण न्यूयॉर्कला गेलेल्या पणतवाकडून लहानसा हिस्सा काही शे डॉलरला घेतो, सहहिस्सेदार बनतो, आणि जमीन तुकड्यांत वाटण्यासारखी नाही म्हणून विकून पैसे वाटा असं कोर्टाला सांगतो. जुन्या पद्धतीने विक्री कचेरीच्या पायऱ्यांवर, रोखीने, पडेल त्या भावाला. घेणारा बहुधा तोच. दावेदार वाईट असलाच पाहिजे असं नाही. आमच्या कथेत तो दुसऱ्या बायकोचा नातू आहे, कर्जबाजारी, आणि आपण काय सुरू केलंय हे त्याला नोटिसा निघाल्यावर कळतं.

शेवटची प्रकरणं कोणत्या सालात ठेवायची हे यावरून ठरतं. कायद्याचे प्राध्यापक थॉमस मिचेल यांच्या पुढाकाराने वारसाहक्काच्या अशा जमिनींसाठी २०१० मध्ये एकसमान कायद्याचा मसुदा तयार झाला. दक्षिण कॅरोलायनाने तो २०१६ मध्ये स्वीकारला, १ जानेवारी २०१७ पासून लागू, आणि त्याला नाव दिलं सेनेटर क्लेमेंटा पिंकनी यांचं, जे जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या मदर इमॅन्युएल चर्चमध्ये मारले गेले. मसुद्याप्रमाणे आधी तटस्थ मूल्यांकन, मग विक्री मागणाऱ्याचा हिस्सा घेण्याची इतरांना ४५ दिवसांची संधी, पैसे भरायला त्यानंतर किमान ६० दिवस. तेवढ्याने जमलं नाही तरच विक्री, तीही खुल्या बाजारात. म्हणजे २०१४ सालचा दावा आणि २०१८ सालचा दावा ही दोन वेगळी कथानकं आहेत. आम्ही २०१४ घेतलं. २०१८ घेतलं असतं तर नातीला पैसे जमवायची धावपळ मिळाली असती. तेही वाईट नव्हतं. ज्यांना जमीन टिकवलेली दाखवायची आहे त्यांनी २०१८ च्या फार्म बिल या केंद्रीय शेती-कायद्याकडेही बघावं. त्यानंतर स्पष्ट मालकीपत्राऐवजी पर्यायी कागद दाखवून कृषी खात्याचा शेत-क्रमांक मिळू लागला, आणि त्याच्याशिवाय खात्याच्या योजना उघडत नाहीत.

बारीकसारीक तपासण्या राहतातच. ब्यूफर्टहून सेंट हेलेनाच्या वाटेवरच्या लेडीज आयलंडवर जायला पूल झाला १९२७ ला. त्याआधी माणूस कचेरीत जातो तो पाणी ओलांडून, नावेने, भरती-ओहोटी बघून. जवळच्या हिल्टन हेड बेटाचा पूल १९५६ चा. सेंट हेलेनावर मुक्त गुलामांसाठी निघालेली पेन स्कूल ही शाळा १८६२ पासून आहे, म्हणून १८८० मधली पात्रं सरसकट निरक्षर ठेवू नका. कफीची फुली आणि त्याच्या मुलीची सही एकाच दस्तावर येऊ शकते. सेंट हेलेनावर १९९९ पासून काउंटीने वेगळे सांस्कृतिक निर्बंध लावलेत, गोल्फ मैदानं आणि बंद फाटकांच्या वसाहतींना मनाई करणारे, त्यामुळे २००५ सालातला बिल्डर तिथे हिल्टन हेडसारखा वागू शकत नाही.

फ्रीडमन्स ब्यूरो आणि बँकेच्या नोंदी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आणि नावाने शोधता येतात. सुरुवात तिथून करा. थेट-कर आयोगाचे कागद अमेरिकेच्या सरकारी दफ्तरखान्यात, नॅशनल आर्काइव्हजमध्ये, रेकॉर्ड ग्रुप ५८ खाली. पेन्शन फाइलची नक्कल मागवताना पलटणीचं नाव, कंपनी आणि शिपायाची सगळी उर्फ नावं द्या, नाहीतर ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं. कथा जॉर्जियात असेल तर काउंटीच्या करवह्या आधी बघा. त्यांत १८६६ पासून सुटलेल्या माणसांची यादी वेगळी केलेली असते, आणि कुणाच्या नावासमोर एकर कोणत्या वर्षी पहिल्यांदा दिसले ते एका दुपारी हाती लागू शकतं.